खुर्ची तीच, वेतनश्रेणी वरची

मे महिन्याच्या शेवटच्या दिवशी महाराष्ट्रातल्या कुठल्याही जुन्या विद्यापीठाच्या मुख्य इमारतीत डोकवा. एखाद्या सभागृहात शाली, श्रीफळं आणि पेढ्यांचे बॉक्स हारीने मांडलेले असतात. शाळेत नाव घालताना मास्तरांनी सरसकट १ जून ही जन्मतारीख लिहून टाकलेली एक अख्खी पिढी आहे. तिची निवृत्तीही ३१ मेला घाऊक होते. सत्कारमूर्ती नव्या सफारीत, शेजारी पत्नी, मागच्या रांगेत मुलं. आस्थापना विभागातलं कुणीतरी उठून सेवापुस्तकातल्या नोंदी वाचतं: अमुक साली कनिष्ठ लिपिक म्हणून रुजू, तमुक साली वरिष्ठ लिपिक, मग पहिला लाभ, मग दुसरा लाभ, आणि आज नियत वयोमानानुसार निवृत्त. मग भाषणं. मनमिळाऊ, कामसू, हक्काची रजासुद्धा न घेणारे. टाळ्या.

नोंदी नीट ऐकल्या की लक्षात येतं, पगाराची श्रेणी वर सरकत गेली, माणूस मात्र जागेवरच राहिला. पात्रता विभागात लागलेला पात्रता विभागातच पिकला. परीक्षा विभागात गेलेल्याला परीक्षा विभागाने कधी सोडलं नाही, कारण तो तिथे ‘तयार’ झाला होता आणि तयार माणूस कोणता साहेब सोडतो? तेहेतीस वर्षांत त्याला विद्यापीठाने काय शिकवलं, कुठे पाठवलं, कोणत्या कामासाठी घडवलं, याची नोंद सेवापुस्तकात नसते. आणि ती का नाही, हे कुणी विचारतही नाही. शिक्षकेतर कर्मचाऱ्याच्या वाढीची जबाबदारी नेमकी कुणाची, या प्रश्नाचं उत्तर विद्यापीठाच्या इमारतीत प्रत्येक मजल्यावर वेगळं मिळतं. कुलसचिव कार्यालय म्हणतं, शासनाची मान्यता लागते. मंत्रालयातला उच्च शिक्षण विभाग म्हणतो, वित्त विभागाची सहमती नाही. संघटना म्हणते, आधी थकबाकी द्या. विभागप्रमुख म्हणतात, ज्याला पुढे जायचंय त्याने शिकावं की, कुणी अडवलंय?

आधी त्या ‘लाभा’चं बघू, कारण सगळी चर्चा तिथेच येऊन अडते. सरकारी नोकरीत वरची पदं मोजकी, खालचे उमेदवार पुष्कळ. पदोन्नतीसाठी जागाच नाही म्हणून माणूस आयुष्यभर एकाच वेतनश्रेणीत कुजू नये, यासाठी राज्य सरकारने १९९५ मध्ये कालबद्ध पदोन्नतीची योजना आणली. तिचीच पुढे २००१ मध्ये सेवांतर्गत आश्वासित प्रगती योजना झाली. २०१० मध्ये बारा आणि चोवीस वर्षांनी असे दोन लाभ ठरले. सातव्या वेतन आयोगानंतर, मार्च २०१९ च्या शासन निर्णयाने, राज्य कर्मचाऱ्यांसाठी ते दहा, वीस आणि तीस वर्षांवर आले. योजनेचं सूत्र सोपं आहे: वरच्या पदाची पात्रता आहे, गोपनीय अहवाल चांगले आहेत, फक्त पद रिकामं नाही, तर त्या पदाचा पगार घ्या आणि काम आहे तेच करा. ज्यांच्या पदाला वर पायरीच नाही, अशा एकाकी पदांनाही काही श्रेणी ठरवून दिलेल्या. विज्ञान विभागांतला काचकाम करणारा कारागीर किंवा वाहनचालक यांच्यासाठी हा मोठाच आधार.

विद्यापीठं आणि महाविद्यालयांतल्या शिक्षकेतरांना हीच योजना लागू होती. डिसेंबर २०१८ मध्ये उच्च शिक्षण विभागाने ती लागू करणारे आधीचे आदेश रद्द केले. कारण दिलं गेलं वित्त विभागाच्या मान्यतेचं. ज्यांना लाभ मिळून गेले होते त्यांच्या डोक्यावर वसुलीची टांगती तलवार, ज्यांची बारा किंवा चोवीस वर्षं भरत आली होती त्यांच्या तोंडचा घास गेला. त्यातच सातवा वेतन आयोग उशिरा लागू झाला आणि १ जानेवारी २०१६ ते ३१ ऑक्टोबर २०२० अशा ५८ महिन्यांची थकबाकी लटकली. फेब्रुवारी २०२३ मध्ये राज्यभरच्या शिक्षकेतरांनी आधी परीक्षांच्या कामावर बहिष्कार टाकला आणि २० तारखेपासून संप पुकारला. परीक्षा पुढे ढकलाव्या लागल्या. ज्यांच्या असण्याची एरवी कुणी दखल घेत नाही, त्यांच्या नसण्याची दखल वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानांनी घेतली.

या मागण्या रास्तच होत्या. सरकारने दिलेला शब्द सरकारनेच कागदावरून पुसायचा, हे कुठल्याच मालकाला शोभत नाही. पण संपाच्या मागणीपत्रांतली क्रमवारी पाहिली की एक शंका येते. आश्वासित प्रगती योजना, थकबाकी, वेतन आयोगातून सुटलेली पदं, रिक्त जागांची भरती, जुनी पेन्शन. प्रशिक्षणाचा मुद्दा असलाच तर तळाशी. ‘प्रगती’ म्हणजे पगार, हे समीकरण सरकारने मांडलं आणि संघटनांनीही ते बिनतक्रार स्वीकारलं. पोट भरल्याशिवाय कुणाला शिकण्याच्या गप्पा सुचत नाहीत हे खरं. पण पगाराची लढाई तीस वर्षं चालते आणि तेवढ्यात एक नोकरी संपून जाते, हेही खरंच.

त्याच इमारतीत, त्याच कँटीनमध्ये चहा पिणाऱ्या प्राध्यापकांचं पाहा. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने देशभर अकॅडेमिक स्टाफ कॉलेजं उभारली. त्यांची नावं पुढे बदलत गेली. २०१५ मध्ये मनुष्यबळ विकास केंद्रं झाली, आता ती मालवीय मिशनच्या नावाने चालतात. मूळ विचार मात्र पक्का: शिक्षकाने नोकरीत असताना शिकलं पाहिजे, त्यासाठी विद्यापीठाने त्याला कर्तव्यरजा दिली पाहिजे आणि शिकला की पुढची श्रेणी दिली पाहिजे. २०१८ च्या नियमांत सहायक प्राध्यापकाला पीएच.डी. असेल तर चार वर्षांनी, नसेल तर सहा वर्षांनी पुढचा टप्पा. मध्ये उद्बोधन वर्ग, उजळणी वर्ग. या वर्गांत किती शिकणं होतं आणि किती सहली होतात, हा वेगळ्या लेखाचा विषय. पण जबाबदारी कुणाची, याबद्दल संदिग्धता नाही. अधूनमधून याच केंद्रांत कर्मचाऱ्यांसाठी छोटे वर्ग होतात. मात्र त्यांना गेलं काय आणि न गेलं काय, पदोन्नतीच्या समितीपुढे त्याने फारसा फरक पडत नाही.

हा फरक सगळ्यात उघडा पडतो तो प्रयोगशाळेत. विभागात लाखोंचं नवं यंत्र येतं, समजा एचपीएलसी, म्हणजे द्रावणातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र. कंपनीचा इंजिनीअर येतो, दोन दिवस प्रशिक्षण असतं. पहिल्या रांगेत प्राध्यापक, मागे पीएच.डी.ची मुलं वह्या घेऊन. प्रयोगशाळा सहायक दारात. यूपीएसचं कनेक्शन त्याने दिलेलं असतं, खोकी त्याने फोडलेली असतात, आता तो चहाचं बघतो. इंजिनीअर सांगत असतो की बफर वापरून काम झालं की कॉलम आधी पाण्याने धुवायचा, मग मिथेनॉलने. घाईत थेट मिथेनॉल सोडलं तर आतले क्षार बाहेर पडून कॉलम चोंदतो. वहीत ते लिहिलं जातं. पुढे मुलांची पीएच.डी. होते, ती हैदराबादला नाहीतर परदेशात जातात, प्राध्यापक अधिष्ठाता होतात. यंत्रापाशी उरतो सहायकच. तोवर तो सगळं शिकलेला असतो, पण बघून-बघून, एखादा महागडा कॉलम वाया जाताना पाहून. यंत्राच्या आवाजावरून पंपात हवा शिरल्याचं तो ओळखतो. शेजारच्या महाविद्यालयाचे नमुने तपासायला येतात तेव्हा खरं काम तोच करतो. अहवालावर सही अर्थातच दुसऱ्याची. त्याचं पद, त्याच्या कामाचं वर्णन आणि त्याची पुढची पायरी हे तिन्ही मात्र परीक्षानळ्या आणि स्पिरिटच्या दिव्यांच्या काळात ठरलेलं. प्रशिक्षणाच्या त्या दोन दिवसांत त्याला पहिल्या रांगेत बसवायला कुठल्या शासन निर्णयाची गरज होती?

ब्रिटनमध्ये २०१७ साली याच वर्गासाठी ‘टेक्निशियन कमिटमेंट’ नावाचा उपक्रम सुरू झाला. सायन्स काउन्सिल आणि गॅट्सबी फाउंडेशन त्यामागे होते. विद्यापीठाने त्यावर जाहीर सही करायची, आपल्या तंत्रज्ञांची दृश्यता, मान्यता, कारकीर्द-विकास आणि कौशल्यांचं सातत्य यांची स्वतःच तपासणी करायची आणि कृती आराखडा लिहून काढायचा. सही केली म्हणून तिथे सगळं आलबेल झालं असं मानायचं कारण नाही. पण कारकिर्दीची जबाबदारी नोकराच्या उमेदीवर न सोडता संस्थेच्या नावावर कागदावर चढली, एवढं तरी झालं.

आपल्याकडे कागद आहे, तो ‘नॅक’चा. मूल्यांकनाच्या निकषांत शिक्षक आणि शिक्षकेतरांसाठी किती प्रशिक्षण कार्यक्रम घेतले, याची विचारणा असते. म्हणून भेटीच्या आधीच्या वर्षात कार्यशाळांचं पीक येतं. ताणतणाव व्यवस्थापन. योगासनं. व्यक्तिमत्त्व विकास. मागे फलक, समोर पाहुणे, जिओटॅग केलेला फोटो, सह्यांचा कागद, दुपारी जेवण. पात्रता विभागातल्या बाईंना क्रेडिट हस्तांतराचे नियम हवे असतात. त्यांना दीर्घ श्वास घ्यायला शिकवलं जातं. श्वास घेणं वाईट नाही, खिडकीबाहेरची रांग बघता ते लागतंच.

क्रेडिटचा उल्लेख उगाच केलेला नाही. नव्या शैक्षणिक धोरणाची अंमलबजावणी २०२३-२४ पासून पदव्युत्तर आणि त्यानंतर पदवी पातळीवर सुरू झाली. मेजर, मायनर, अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स, अपार क्रमांक, शिवाय ‘समर्थ’ ही दिल्ली विद्यापीठात तयार झालेली संगणक प्रणाली. यावर कुलगुरूंची व्याख्यानं झाली, प्राध्यापकांच्या कार्यशाळा झाल्या, अभ्यासमंडळांच्या बैठका झाल्या. विद्यार्थी मात्र खिडकीवर येतो तो लिपिकाकडे. मॅडम, माझे गेल्या सेमिस्टरचे चार क्रेडिट दिसत नाहीत. मॅडमना परिपत्रक मिळालेलं असतं, पीडीएफमध्ये, व्हॉट्सॲपवर.

यंत्रणा आधी आणि माणसं नंतर, याची किंमत मुंबई विद्यापीठाने २०१७ मध्ये मोजली. उत्तरपत्रिकांचं ऑनस्क्रीन मूल्यांकन एका झटक्यात सगळ्या शाखांना लागू झालं. लाखो उत्तरपत्रिका स्कॅन व्हायच्या, चढवायच्या, तपासायच्या. कुलपतींनी घालून दिलेली ३१ जुलैची मुदत उलटली, निकाल महिनोन्‌महिने रखडले आणि ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून दूर केलं गेलं. १८५७ पासूनच्या त्या विद्यापीठावर अशी वेळ त्याआधी आली नव्हती. चर्चा कुलगुरू, कंत्राट आणि प्राध्यापक यांच्याभोवती फिरली. परीक्षा विभागातल्या कर्मचाऱ्याला त्या प्रणालीबद्दल सुरुवातीला काय विचारलं आणि काय शिकवलं गेलं, हा प्रश्न त्या गदारोळात मागे पडला.

पदोन्नतीचं दार स्वतंत्रपणे बंद आहे, आणि त्याला अनेक कड्या आहेत. सेवाज्येष्ठता यादी दरवर्षी जानेवारीत लागायला हवी. ती लागत नाही, लागली तर हरकती येतात, हरकतींवर निर्णय होत नाही. विभागीय पदोन्नती समितीची बैठक लांबते. बिंदुनामावली मागासवर्ग कक्षाकडून तपासून यायची असते. २०१७ मध्ये उच्च न्यायालयाने पदोन्नतीतल्या आरक्षणाचा राज्याचा २००४ चा शासन निर्णय रद्द ठरवला, मग ७ मे २०२१ च्या शासन निर्णयाने सगळी पदं सेवाज्येष्ठतेने भरायचं ठरवलं. वाद न्यायालयात, जागा तशाच. मागासवर्गीय कर्मचाऱ्याला या खेळात दुहेरी मार बसला: आरक्षणाची पायरी गेली आणि सर्वसाधारण पायरीही वेळेत हलली नाही. तोवर कारभार ‘प्रभारी’वर. प्रभारी कक्षाधिकारी, प्रभारी उपकुलसचिव, कधी प्रभारी कुलसचिवही. चार्ज हातात येतो, अधिकार अर्धा येतो, जबाबदारी मात्र पुरी येते.

आणि चढत चढत वर पोचलेल्याला ५५ टक्के अडवतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या निकषांप्रमाणे सहायक कुलसचिवपदाच्या थेट निवडीसाठी पदव्युत्तर पदवीला किमान ५५ टक्के लागतात. कुलसचिवपदासाठी तेच, शिवाय पंधरा वर्षांचा अध्यापनाचा किंवा प्रशासनाचा अनुभव, आणि प्रशासनाचा असेल तर त्यातली आठ वर्षं उपकुलसचिव किंवा समकक्ष पदावरची. बारावीनंतर अनुकंपा तत्त्वावर चिकटलेला मुलगा टायपिंगची परीक्षा देतो, एमएस-सीआयटी करतो, यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून बी.ए. करतो, मग रात्री वाचून एम.ए. करतो आणि ५३ टक्क्यांवर थांबतो. ज्या परीक्षा विभागात तो वीस वर्षं इतरांचे निकाल लावतो, त्याच विभागाने दिलेली ती गुणपत्रिका. नाशिकच्या त्या मुक्त विद्यापीठाने १९८९ पासून महाराष्ट्रातल्या शिपाई-लिपिकांवर जे उपकार केले आहेत, त्यांचा हिशेब कुणीतरी मांडायला हवा. पण त्या शिक्षणाची फी, वेळ, झोप हे सगळं कर्मचाऱ्याचं स्वतःचं होतं. विद्यापीठाने दिली ती फार तर परीक्षेपुरती रजा, तीही साहेबांच्या मर्जीवर.

बायकांची गोष्ट आणखी वेगळी. प्रशिक्षण पुण्याला, निवासी, पाच दिवस असं आलं की विभागातल्या बाईंना विचारलंच जात नाही. त्यांना जमणार नाही हे साहेबांनी परस्पर ठरवलेलं असतं. घरी विचारलं तर कदाचित सासूबाई म्हणतील, जा गं. पण प्रश्न घरापर्यंत पोचतच नाही. दहा वर्षांनी पदोन्नतीच्या वेळी त्यांच्या अहवालात ‘प्रशिक्षण: निरंक’ असं लिहिलेलं असतं, आणि तोच त्यांचा उणेपणा ठरतो.

संस्थेने ठरवलं तर काय होतं, याचं आपल्या देशातलं उदाहरण शंभर वर्षं जुनं आहे. जानेवारी १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाने आपला पहिला ग्रंथपाल नेमला. गणिताचा प्राध्यापक, ग्रंथालयशास्त्राचा गंध नाही. थोड्याच दिवसांत तो त्या रिकाम्या, शांत खोलीला इतका वैतागला की पुन्हा शिकवायला जातो म्हणू लागला. विद्यापीठाने त्याला लंडनला शिकायला पाठवलं. युनिव्हर्सिटी कॉलेजात तो शिकला, इंग्लंडची ग्रंथालयं हिंडला, सेल्फ्रिजेसच्या दुकानात मेकॅनो खेळण्याचं प्रात्यक्षिक पाहताना त्याला वर्गीकरणाची नवी पद्धत सुचली. परतल्यावर तो परत गणिताकडे गेलाच नाही. शि. रा. रंगनाथन यांची ही गोष्ट ग्रंथालयशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असते. सांगताना भर त्यांच्या प्रतिभेवर असतो. माझं लक्ष मात्र प्रवासखर्च मंजूर करणाऱ्या त्या विद्यापीठाकडे जातं. नवख्या, नाखूश माणसाला शिकायला पाठवण्याची जोखीम त्यांनी घेतली. आजच्या लेखापरीक्षकाने त्यावर नक्की आक्षेप काढला असता.

आज त्याच क्षेत्रात ग्रंथपाल हा वेतनाच्या बाबतीत शिक्षकांच्या बरोबरीला आला आणि ग्रंथालय परिचर शिक्षकेतर राहिला. परिचराने स्वतःच्या सुट्टीत ग्रंथपालन प्रमाणपत्र करायचं, पदरचे पैसे भरून.

या सगळ्याच्याही खाली एक थर आहे, ज्याला शिडीच नाही. नव्या आकृतिबंधात कमी झालेली, वर्षानुवर्षं न भरलेली पदं कंत्राटी माणसांनी चालतात. संगणक चालक, सुरक्षारक्षक, सफाई कामगार, आता लिपिकसुद्धा. पगार एजन्सीकडून, हुकूम विद्यापीठाकडून. सप्टेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारने बाह्यस्रोतांतून मनुष्यबळ घेण्यासाठी नऊ संस्थांचा शासन निर्णय काढला आणि टीकेची झोड उठल्यावर ऑक्टोबरमध्येच तो मागे घेतला. निर्णय गेला, पद्धत राहिली. कंत्राटी मुलीला सॉफ्टवेअर शिकवायचं, ती पक्की झाली की कंत्राट बदलायचं, पुढच्या मुलीला पुन्हा पहिल्यापासून. इथे शिकवण्याची जबाबदारी कुणावर, हा प्रश्न विचारायला समोर माणूसच सापडत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे, की पगाराचा भाग शासनाचा आणि शिकवण्याचा भाग विद्यापीठाचा, ही वाटणी उघडपणे करायला हवी. वेतनश्रेणीसाठी मंत्रालयाच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात, कबूल. पण दर तीन-चार वर्षांनी टेबल बदलणं, नव्या लिपिकाला पहिला महिना सगळे विभाग फिरवून आणणं, सेवाज्येष्ठता यादी जानेवारीतच लावणं, पदोन्नती समितीची तारीख वर्षाच्या सुरुवातीला जाहीर करणं, गोपनीय अहवालात ‘या वर्षी काय शिकवलं’ हा रकाना साहेबांनी स्वतः भरणं, यातल्या कशालाही वित्त विभागाची सहमती लागत नाही. राज्याचं प्रशिक्षण धोरण २०११ पासून आहे, पुण्यात ‘यशदा’ आहे, बहुतेक विद्यापीठांत व्यवस्थापनशास्त्राचा विभाग आहे. त्या विभागातले प्राध्यापक मनुष्यबळ विकासावर बाहेरच्या कंपन्यांत व्याख्यानं देतात. त्यांना जिन्याने दोन मजले खाली उतरवणं कठीण नसावं.

अडचण दुसरीकडे आहे. टेबल बदललं की तयार माणूस जातो, आठ दिवस काम अडतं, आठ दिवस अडलेलं काम साहेबांच्या अंगावर येतं. काही टेबलांना चिकटलेल्या माणसांनाही ती सोडायची नसतात, कारणं सगळ्यांना माहीत आहेत. म्हणून ‘अत्यावश्यक असल्याने कार्यमुक्त करता येत नाही’ हे वाक्य टिपणीत येतं आणि सगळे निर्धास्त होतात. या वाक्याने जेवढ्या कारकिर्दी थांबवल्या तेवढ्या कुठल्या शासन निर्णयाने थांबवल्या नसतील.

दरम्यान खुर्च्यांवर नवी माणसं येताहेत. बारा-पंधरा वर्षं गोठलेल्या भरतीतून जी थोडी पदं सुटतात त्यांवर इंजिनीअर, एम.एस्सी., एम.बी.ए. झालेली मुलं कनिष्ठ लिपिक म्हणून लागतात. जुन्या कुठल्याही लिपिकापेक्षा ती वेगाने शिकतात, एक्सेलमध्ये दिवसाचं काम तासात आटोपतात. आणि टेबलाच्या खणात एमपीएससीची पुस्तकं ठेवतात. दोन-तीन वर्षांत त्यांतली हुशार मुलं राज्यसेवेत, बँकेत, महापालिकेत निघून जातात. चौकशी केली तर म्हणतात, इथे पुढे काय? त्याला उत्तर म्हणून आस्थापना विभाग त्यांना दहा-बारा वर्षांनी पगार किती होईल ते सांगतो, आणि तेही ‘योजना चालू राहिली तर’ अशी पुस्ती जोडून.